सोळा नंबरचं गाणं

मस्तगड, जालना
१२ जानेवारी २०२५

सोमेश्वर,

नमस्कार. मी पारस. हुकमचंदजींचा, भांड्याच्या दुकानाचा. अक्षर ओळखलं असशील तर चांगलंच, नसशील तर खाली नाव आहेच. इकडं घरात सगळे बरे आहेत. थंडीनं बायकोचे, मंजूचे गुडघे धरतात, बाकी तक्रार नाही. तुमच्याकडं मीनावहिनी, अर्पिता खुशाल असतील असं धरून लिहायला बसलोय. बागेचा ताण सोडलास का, पाणी सुरू केलंस का? तुमच्या केदारखेड्याची गिऱ्हाइकं येतात ती तुझ्या मोसंबीचं नाव काढतात. एकानं मागच्या वर्षी चार फळं गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, "सोमेश्वरकाकाच्या बागंतली हायेत." मी खाल्ली. गोड होती.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा नंबर हरवला. शिवाय दुकानात धड बोलणं होत नाही, अर्ध्या वाक्यात कुणीतरी कुकर घेऊन उभं राहतं.

बातमी अशी आहे. दिवाळीनंतर दुकानाला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. पलक, माझी धाकटी, पुण्यात नोकरीला आहे, ती सुटीवर आली होती. तिला माळ्यावर माझी गिटारची पेटी सापडली. गिटारच्या तारा गंजल्यात, मान वाकडी झालीय. पण पेटीच्या कप्प्यात एक कॅसेट निघाली. कॉलेजच्या गॅदरिंगची. फेब्रुवारी नव्वद. तीन गाणी.

पलक विचारायला लागली, मंग मी सांगत बसलो. सिकंदराबादच्या मामांनी एका अमेरिकन रॉक अँड रोल गायकाची कॅसेट आणली होती, त्याची गाजलेली सोळा गाणी एकत्र केलेली. त्याचं नाव आपल्या जिभेवर बसेना, म्हणून कव्हरावरचे केस पाहून 'झुलपेवाला' हे नाव पडलं. गाण्यांची नावंही कळेनात, मंग नंबर पाडले. चार नंबर म्हणजे टाळ्यांचं. सात नंबर म्हणजे बायको सोडून गेलेल्या माणसाचं, आणि हा अर्थ इंग्रजीच्या सरांनी सांगेपर्यंत ते तीर्थपुरीच्या एका लग्नात नवरा-नवरीसमोर दोनदा गाऊन झालं होतं. पलक इतकी हसली की मंजू वर बघायला आली. शब्द देवनागरीत वहीत उतरवलेले, टेप मागं-पुढं करून करून. तुझे कडूबाकाका बैलबाजारात हर्राशी बोलायचे ना, शेवटची बोली लांबवत नेऊन एकदम खाली आपटायचे, तसाच तो झुलपेवाला आवाज आपटायचा. हेही तिला सांगितलं.

पण सांगताना मी सगळीकडं 'आम्ही' म्हणत गेलो. आम्ही बसवायचो, आम्ही गायचो. गायचास तू, हे म्हणालो नाही. तिनं काय ऐकायचं ते ऐकलं.

तिनं पुण्यात कुणाकडून तरी ती कॅसेट फोनवर ऐकता येईल अशी करून घेतली आणि सगळ्यांसाठी नेटवर टाकली. वर लिहिलं, 'माझ्या पप्पांच्या पेटीतून. जालना, १९९०.' आठ दिवसांत जिकडं तिकडं तेच. चार नंबर, नऊ नंबर आणि सोळा नंबर. सोळा नंबर सगळ्यांत जास्त, लाखांवर गेलंय म्हणते. कुठकुठल्या देशांतली माणसं लिहितात की शेवटी आवाज फाटतो तिथं अंगावर काटा येतो.

आणि 'पप्पांच्या पेटीतून' म्हणजे 'पप्पांनी गायलेलं' असं लोकांनी धरलं. दुकानात येऊन हात मिळवतात. पहिल्या माणसाला मी सांगणार होतो की अहो, मी नुसती गिटार वाजवली. तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्याला सांगणार, तर तो माझा फोटो काढून राह्यला होता. तिसरा माझ्याच व्याह्यांचा नातेवाईक निघाला. असं करता करता वीस दिवस गेले.

आता इथल्या एका कलामंडळानं ९ फेब्रुवारीला माझा सत्कार ठेवलाय. अध्यक्ष अप्पाराव म्हणून आहेत, माणूस सज्जन. परवा येऊन म्हणाले, "पारसशेठ, दोन ओळी तरी म्हणाव्या लागतील." मी म्हणालो, "डॉक्टरांनी गायला मनाई केलीय."

हे तोंडातून निघालं आणि मी उठून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. अप्पाराव आत एकटेच बसून राहिले.

तर तुला एवढंच विचारायचं होतं. कुणी पेपरवाला वगैरे चौकशी करत तुमच्याकडं आला तर तू काय सांगशील? सांगू नको असं मी म्हणत नाही. आधी मला कळव, एवढंच. मी योग्य वेळी सगळं दुरुस्त करणारच आहे.

थांबतो. माणसं आलीत दुकानात.

पारस

* * *

मस्तगड
२७ जानेवारी

सोमेश्वर,

काल अर्पिता येऊन गेली.

झेंडावंदन करून थेट आली होती. पांढरी साडी, खांद्यावर तिरंग्याची पिन तशीच. ती एवढीशी असताना मी तिला एकदा भोकरदनच्या स्टँडवर लांबून पाहिलं होतं, तरी काल ती दुकानाची पायरी चढली आणि मी उठून उभा राहिलो. चालते बराबर तिच्या आजीसारखी, सगुणाकाकूंसारखी. पलक सत्कारासाठी सुटी काढून आलीय, तिची ओळख करून दिली, खुर्ची दिली. ती बसली नाही.

"काका, बाबांनी एक विचारायला लावलंय."

"तब्येत ठीक आहे ना त्याची?"

"ठीक हाय. शाळेतल्या एका मॅडमनं ते गाणं मला पाठवलं. मी बाबांना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, अन् उठून बागंत गेले. तुमचं पत्र आलं ते पण वाचलं.  मंग तिसऱ्या दिवशी म्हणाले, पारसला विचार, त्या दिवशी डॉक्टर नेमकं काय म्हणला होता."

मी चहा सांगितला. पलक एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून राह्यली होती. चहा आला. अर्पितानं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला.

"काय सांगू त्यांना?"

"मी लिहितो."

"लिहा. पण बराबर लिहा, काका. ते लई वर्षांनी काहीतरी विचारून राह्यलेत."

ती गेल्यावर पलकनं विचारलं, "पप्पा, कोणता डॉक्टर?" मी तिला गल्ल्यावर बसवलं आणि वर आलो. आज सकाळपासून हे चौथं पान आहे. तीन फाडली. तीनही पानांत मी आधी तुझ्या आवाजाची स्तुती केली होती.

बराबर लिहितो.

पहिलं म्हणजे, तुझा नंबर हरवलेला नाही. सगुणाकाकू गेल्या तेव्हा कुणीतरी कळवला होता, अकरा वर्षं फोनमध्ये आहे. तेव्हाही मी आलो नाही. त्या बाईनं मला कितीदा आपल्या हातची भाकरी वाढली, मी जैन, कांद्या-मुळ्याला हात लावत नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी भाजी केली, आणि मी दहाव्यालासुद्धा आलो नाही. नंबर कितीदा काढला. पण फोन लावला की तिकडून तुझा आवाज येणार, आणि तो आवाज मला ऐकायचा नव्हता. आताचा आवाज. म्हणून पत्र.

गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस तुझा घसा बसला होता. लग्नसराईतले तीन कार्यक्रम लागोपाठ झाले होते, ते मीच ठरवले होते. तू म्हणायचास, गिळताना काहीतरी टोचतं. मंग आपण दोघं त्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं आरसा घालून पाहिलं आणि म्हणाला, एका मोठ्या डॉक्टरशी बोलून उद्या सांगतो, उद्या या. दुसऱ्या दिवशी तुझ्या बहिणीच्या लग्नाची सुपारी होती, तू केदारखेड्याला गेल्तास. मी एकटा गेलो.

डॉक्टर म्हणाला, "आवाजाच्या पडद्यावरची रक्ताची शीर फुगली आहे. पंधरा दिवस बिलकुल बोलायचं नाही. गायचा तर प्रश्नच नाही. गायला आणि ती फुटली, तर आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही." हे त्यानं चिठ्ठीवरही लिहून दिलं. "त्यांना नीट समजावून सांगा," म्हणाला. मी हो म्हणालो.

गॅदरिंग चार दिवसांवर होतं.

तू गावाहून आलास आणि विचारलंस, "काय म्हणला डॉक्टर?" मी म्हणालो, "काही नाही रे. मिठाच्या गुळण्या कर म्हणाला. थोडं जपून." तू लगेच पाणी तापवायला ठेवलंस. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. माझ्यावर संशय घ्यायचं तुझ्या डोक्यातच नव्हतं.

चिठ्ठी चार दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होती. रोज वाटायचं, आज सांगू. गॅदरिंगच्या सकाळी ती फाडून नालीत टाकली.

का केलं? बाजू मांडायची म्हणून लिहीत नाही, पण विचारलंस तर पूर्ण उत्तर द्यायला पाहिजे. मुंबईच्या कॅसेट कंपनीचा एक माणूस त्या दिवशी येणार होता, आठवतं ना? मीच पत्रं टाकटाकून त्याला बोलावलं होतं. बाबूजींनी मला सांगून ठेवलं होतं की परीक्षा झाली की दुकानात बसायचं, पुढचं काही विचारायचं नाही. मी बाबूजींसमोर मान वर करू शकत नव्हतो. तुला कुणी मुंबईला बोलावलं असतं तर मी तुझ्या मागं गिटार घेऊन गेलो असतो. एकट्याला मला कुणी बोलावणार नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याजवळ तुझ्या गळ्याशिवाय बाहेर पडायचा रस्ता नव्हता. मी मनाला समजावलं, तीनच गाणी आहेत, त्यानंतर वाटलं तर महिनाभर गप्प बसव त्याला.

तो माणूस आला. मागच्या रांगेत बसला. चार नंबर झालं आणि उठून स्टेजच्या कडेला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "इंग्लिश कौन खरीदेगा यहाँ? मराठी कुछ है तो बताओ." आणि गेला. तू नऊ नंबर सुरू केलं होतंस. मी तेव्हासुद्धा तुला थांबवू शकलो असतो, सोमेश्वर. हे मी आजवर स्वतःला नीट सांगितलेलं नाही. आता काही मिळायचं राहिलं नव्हतं, रस्ता बंद झाला होता. पण मांडवात पोरं बाकांवर चढून टाळ्या वाजवत होती, आणि मला वाजवायचं होतं. मी सोळा नंबरचा सूर धरला.

पुढचं तुला माहीत आहे. त्या वरच्या जागेला तू गेलास आणि आवाज फाटला. तू थांबला नाहीस. राहिलेलं कडवं तसंच घोगऱ्या आवाजात पूर्ण केलंस, आणि लोकांना वाटलं हीच तर अदा आहे. उभे राहिले सगळे. तू खाली उतरून रुमालात थुंकलास. रुमाल लाल झालेला मी पाहिला. तू हातानं खूण केलीस, पाणी. मी आणून दिलं.

त्यानंतर महिना गेला, दोन महिने गेले. आवाज आला तो असा, खरवडल्यासारखा. तू म्हणायचास, "माझीच चूक झाली. घसा दुखून राह्यला होता, तरी टाळ्यांच्या नादाला लागलो." तू असं म्हणायचास आणि मी खाली बघायचो. मंग मी तुझ्या खोलीवर येणंच बंद केलं. तू परीक्षा न देता गावाकडं गेलास, तेव्हा मी स्टँडवर पोचवायलाही आलो नाही. तुला वाटलं असणार, आवाज गेला तसा पारसही गेला. तसं वाटू दिलं मी. खरं कळण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं.

डॉक्टर हे म्हणाला होता.

९ तारखेला मी सत्काराला जाणार आहे आणि तिथं हेच बोलणार आहे. ये असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पलक खालून दोनदा हाक मारून गेली. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुला आधी कळायला पाहिजे होतं.

पारस

* * *

मस्तगड
२० फेब्रुवारी

सोमेश्वर,

रविवारी तू म्हणालास की माफीचं पत्र पाठवू नको, म्हणून हे तसलं पत्र नाही. दोन गोष्टी कळवायच्या आहेत. आणि एक, जिचं उत्तर मला तुझ्या बांधावर देता आलं नाही.

९ तारखेला काय झालं ते तू विचारलं नाहीस. अर्पितानं सांगितलं असेल, ती शेवटच्या रांगेत होती. तरी माझ्याकडून लिहितो.

सकाळी अकराचा कार्यक्रम. हॉल भरलेला. आमची सगळी बिरादरी पुढच्या रांगांत, मंजू नवी साडी नेसून, पलक फोन धरून माझी फिल्म काढत. आधी त्यांनी मोठ्या स्पीकरवर सोळा नंबर लावलं. पूर्ण. मी स्टेजवर खुर्चीत बसून ते ऐकलं, लोकांच्या तोंडाकडं बघत. तुझा आवाज फाटला तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं चालू असतानाच. मंग अप्पारावांनी शाल खांद्यावर घातली आणि माईक दिला.

मी म्हणालो, "हे मी गायलेलं नाही. हे सोमेश्वरनं गायलंय, केदारखेड्याच्या. मी मागं गिटार वाजवत होतो."

दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, शेठजी विनयानं बोलून राह्यलेत. अप्पाराव कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "ठीक आहे, मित्राचं नाव घेतलंत, छान झालं. आभार माना आणि बसा."

तिथं बसता आलं असतं. खरं सांगतो, पाय बसायलाच निघाले होते. नाव सांगून झालं होतं, लोकांनी 'काय दिलदार माणूस' म्हणून आणखी टाळ्या वाजवल्या असत्या. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि डॉक्टरचं सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं. गुळण्यांचं सांगितलं. कॅसेट कंपनीचा माणूस निघून गेल्यावरही मी सूर धरला, ते सांगितलं.  माझे मेहुणे उठून बाहेर गेले. कुणीतरी मागून जोरात म्हणालं, "मंग सत्कार कशाचा लावलाय हा?" बराबर होतं त्याचं. मी खाली उतरलो. मंजू डोळ्याला पदर लावून बसली होती. पलकनं फोन खाली केला होता, कधी केला ते मला दिसलं नाही.

घरी आल्यावर पलकनं एकच विचारलं. "तुम्हाला किती दिवस माहीत होतं?"

"पस्तीस वर्षं."

ती आत गेली. त्याच दिवशी तिनं गाण्यांवर तुझं नाव लिहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि पुण्याला गेली ती मला न सांगता. आता मंजूच्या फोनवर बोलते.

दुकानात माणसं कमी झालीत म्हणून वाईट वाटतंय असं समजू नको. जी येतात ती भाव विचारतात, वस्तू घेतात, जातात. काही जण थांबून माझ्याकडं बघतात. बघू देत.

१६ तारखेला मी तुमच्याकडं आलो. फाट्यावर उतरून चालत आलो. बाग फुलावर होती, वासानं डोकं भरून गेलं. मीनावहिनींनी ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत, पण पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बागंत हायेत. ठिबकची नळी फुटली, ती जोडून राह्यलेत." तू वाकलेला होतास. मला बघून उठला नाहीस. म्हणालास, "आलास तर बस. पण माफी मागू नको. मागितलीस तर मला उत्तर द्यावं लागंल, अन् माझ्याजवळ उत्तर न्हाई."

पस्तीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मला वाटत होतं, तो ऐकला की मी तिथंच बसकण मारीन. तसं झालं नाही. तू नळीचं दुसरं टोक धरायला सांगितलंस, मी धरलं.

मंग तू जे बोललास ते घरी येऊन मी लिहून ठेवलंय. चुकलं असेल तर सांग.

तू म्हणालास, "मला वाटायचं, मीच मोडला माझा गळा. टाळ्यांच्या लालचीनं. अर्पिता सातवीत होती. शाळेच्या गॅदरिंगला तिचं नाव निघालं गायला. चांगली गायची. माझ्यापेक्षा चांगली. मी जाऊन मास्तरला सांगितलं, पोरगी गाणार न्हाई. तिला म्हणलो, लोकाच्या टाळ्या गळा खाऊन टाकतात. लई रडली. मंग गायचंच सोडलं तिनं." नळी घट्ट केलीस, पुन्हा सैल केलीस. "आता तिला काय सांगू? की चूक माझी नव्हतीच? की तुला उगाच गप्प केलं?"

 हीच ती गोष्ट, जिचं उत्तर मला बांधावर देता आलं नाही. अजूनही नाही. एवढंच लिहितो की तुझं मी काय केलं ते मला रोज ठाऊक होतं. अर्पिताचं ठाऊक नव्हतं. माझ्या एका खोट्यानं तुझ्या घरात आणखी एक गळा बंद केला, हे मला रविवारी कळलं. तुझी हरकत नसेल तर मी अर्पिताला स्वतः भेटून सांगीन. तिनं मला दारात उभं केलं नाही तरी चालेल, बाहेरूनच सांगीन. तू नको म्हणालास तर नाही.

आणखी एक तू म्हणालास, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ती चिठ्ठी तू मला दिली असतीस ना पारस, तर मी गायलोच असतो. मला मी माहीत हाय. इतकं मोठं गॅदरिंग, ते सोडलं नसतं. पण मंग ते माझं राहिलं असतं. गळा गेला असता तर माझ्या मर्जीनं गेला असता."

दुकानात बसून मी दिवसातून आठ-दहा वेळा तरी जागेवरून उठतो, हे वाक्य आठवून. पोरगं आहे कामाला, ते विचारतं, "शेठ, काय पाहिजे?" काही नको म्हणतो आणि बसतो.

मंग मी विचारलं, त्या गाण्यांचं काय करू? तू लगेच सांगितलंस. "चार नंबर राहू दे. नऊ पण राहू दे. त्यात मी चांगला हाय. सोळा काढ. माणसाच्या गळ्यातून रगत येऊन राह्यलंय अन् लोकं टाळ्या वाजवून राह्यलेत. ते काय ऐकायचं गाणं हाय का?"

तर ते कळवायचं. पलकला मी फोन केला. तिनं उचलला, हे पहिलं. मी तिला तुझं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, पण सगळे तेच ऐकतात. ते काढलं तर बाकीची दोन कोण ऐकणार?" मी म्हणालो, "नाही ऐकली तर नाही ऐकली. त्यानं सांगितलंय." ती मंग म्हणाली, "त्यांनी स्वतः सांगितलं? त्यांच्या तोंडानं?" हो म्हणालो. तिनं काल दुपारी काढलं. मला फोनवरच सांगितलं, "काढलं पप्पा." आणि नऊ नंबर तिला फार आवडतं, हेही तुला सांगायला लावलंय.

लोकांनी ज्यानं त्यानं आपापल्या फोनमध्ये घेतलं असेल, ते माझ्या हातात नाही. ते पुसलं असं तुला खोटं सांगणार नाही. आमच्याकडून गेलं, एवढं खरं.

नऊ नंबर मी काल पुन्हा ऐकलं. दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. मधल्या ओळीत तू शब्द विसरलास आणि तिथं नुसताच सूर धरून पुढं गेलास. त्या ओळीला मी मागं एक सूर चुकलोय. पस्तीस वर्षांत मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. तुला त्याच वेळी ऐकू आलं असणार. तू वळून बघितलं नाहीस.

पत्राचं उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, अर्पिताचं तेवढं हो की नाही कळव.

तुझ्या मागं गिटार वाजवणारा,
पारस